करडई, जवस आणि मेंदू

परीक्षा जवळ आल्या की पालक शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : मुलांच्या मेंदूसाठी काय द्यावे? बाजारात ‘डीएचए’युक्त भुकट्या मिळतात, माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात. डब्यावर मेंदूचे चित्र असते आणि किंमत बेताच्या मिळकतीच्या घराला जड जाईल अशी असते. त्या घ्याव्यात का? हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देण्यापेक्षा त्यामागचे विज्ञान आपण नीट पाहिले तर उत्तर आपले आपल्यालाच सापडेल. त्याची सुरुवात मेंदूपासून नव्हे, उंदराच्या शेपटीपासून होते.

उंदरांचा बिनतेलाचा आहार

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मेद म्हणजे केवळ इंधन, असाच बहुतेकांचा समज होता. तो तर्काला धरूनही होता. धान्यावर पोसलेले डुक्कर लठ्ठ होते. चाऱ्यात स्निग्धांश नाममात्र असतो, तरी म्हैस साईचे दूध देते. म्हणजे प्राण्याचे शरीर इतर अन्नापासून चरबी तयार करू शकते. मग आहारात मेद नसला म्हणून काय बिघडले?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी 1929 साली हे पडताळून पाहिले. त्यांनी उंदरांना स्निग्धांश जवळजवळ पूर्ण काढून टाकलेला आहार दिला. प्रथिने, साखर, क्षार आणि तोवर माहीत असलेली जीवनसत्त्वे त्यात होती. तरीही काही महिन्यांत उंदरांच्या कातडीवर खवले धरू लागले, शेपटीची टोके सुजून झडली, वाढ खुंटली आणि उंदीर मरू लागले. लिनोलेइक आम्ल असलेल्या तेलाचे थोडे थेंब रोज देताच मात्र ते सुधारले. शरीराला लागणारी पण शरीरात न बनणारी मेदाम्ले असतात, हे यातून कळले. त्यांना ‘आवश्यक मेदाम्ले’ म्हणतात.

सगळी मेदाम्ले आपण का बनवू शकत नाही?

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. तिच्या एका टोकाला, म्हणजे डोक्याला, आम्लगट असतो; दुसरे टोक म्हणजे शेपूट. सर्व कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर ते मेदाम्ल संपृक्त. त्याची साखळी काडीसारखी सरळ असते. जेथे दुहेरी बंध येतो तेथे साखळीला बाक येतो. असे मेदाम्ल असंपृक्त.

सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्या काटक्यांची सैल राहते. तूप थंडीत थिजते आणि करडईचे तेल पातळ राहते, ते यामुळेच.

साखळीत दुहेरी बंध घालणारी विकरे आपल्या शरीरात आहेत. पण डोक्याकडून मोजले तर नवव्या कार्बनच्या पलीकडे त्यांना बंध घालता येत नाही. शेपटाकडच्या भागात बंध घालण्याची करामत वनस्पतींना साधते, आपल्याला नाही. म्हणून तसे बंध असलेली दोन मेदाम्ले आपल्याला अन्नातूनच घ्यावी लागतात.

पहिले लिनोलेइक आम्ल. त्यात 18 कार्बन आणि 2 दुहेरी बंध असतात. शेपटाकडून मोजले तर पहिला बंध सहाव्या कार्बनवर येतो, म्हणून ते ‘ओमेगा-6’. ओमेगा हे ग्रीक वर्णमालेतील शेवटचे अक्षर. येथे त्याचा अर्थ शेपटाचे टोक. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. त्यातही 18 कार्बन, पण दुहेरी बंध 3, आणि शेपटाकडून पहिला बंध तिसऱ्या कार्बनवर. म्हणून ते ‘ओमेगा-3’. दोन्ही नावे ‘लिनम’ या जवसाच्या लॅटिन नावावरून आली आहेत. नावे जुळ्या भावंडांसारखी असली, तरी आपले शरीर एकाचे दुसरे करू शकत नाही.

सहा वर्षांची मुलगी

उंदरांच्या प्रयोगात मुख्यत: लिनोलेइक आम्लाचे महत्त्व कळले होते. ओमेगा-3 ची माणसाला खरोखर गरज आहे का, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे वादात राहिला. त्याबाबतीत 1982 साली एक महत्त्वाची नोंद प्रसिद्ध झाली. राल्फ होलमन हे बर यांचेच विद्यार्थी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत मांडली. पोटात बंदुकीची गोळी लागल्याने तिला सारे अन्न शिरेतून द्यावे लागत होते. त्यातला स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, सुमारे 75 टक्के असते. लिनोलेनिक आम्ल मात्र जवळजवळ नसतेच.

पाच महिन्यांनंतर तिच्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला. पाय दुखू लागले, चालता येईना, दिसणे धूसर झाले. रक्त तपासले तेव्हा ओमेगा-3 मेदाम्लांची मोठी कमतरता आढळली. डॉक्टरांनी करडईच्या तेलाऐवजी सोयाबीनचे तेल असलेले अन्न सुरू केले. सोयाबीनच्या तेलात लिनोलेनिक आम्ल सुमारे 7 टक्के असते. बारा आठवड्यांत तिची लक्षणे नाहीशी झाली.

एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, हे खरे. पण 1984 साली मार्था न्यूरिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. गरोदर माकडिणींना आणि पुढे त्यांच्या पिल्लांना एका गटात करडईचे, तर दुसऱ्या गटात सोयाबीनचे तेल दिले होते. करडईच्या गटातील पिल्लांची नजर कमी तीक्ष्ण निघाली.

मेंदूत हे मेद करते काय?

मेंदूतील पाणी काढून टाकले तर उरलेल्या भागात निम्म्याच्या आसपास मेदपदार्थ असतात. ते साठवलेले इंधन नव्हे; चेतापेशींची आवरणे त्यांचीच बनलेली असतात. त्यांत डीएचए हे ओमेगा-3 मेदाम्ल विपुल असते. त्यात 22 कार्बन आणि तब्बल 6 दुहेरी बंध असतात. इतक्या बाकांमुळे आवरण लवचीक राहते आणि त्यात बसवलेल्या प्रथिनांना हालचाल करता येते. डोळ्याच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींतही ते खच्चून भरलेले असते. गर्भाच्या मेंदूत ते विशेषेकरून शेवटच्या तीन महिन्यांत साठते. जन्मानंतर ते आईच्या दुधातून मिळते.

लिनोलेनिक आम्लाची साखळी लांबवून आपले यकृत डीएचए बनवते, पण फार थोडे. शिवाय ओमेगा-6 आणि ओमेगा-3 या दोघांचे काम एकाच विकराकडे असते. गावात पिठाची गिरणी एकच, आणि ज्वारीच्या दहा पोत्यांमागे नाचणीचा एक डबा रांगेत उभा, अशी ही स्थिती असते.

आपल्या ताटात

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा ही आपली नेहमीची तेले. तिन्हींत ओमेगा-3 नगण्य असते. म्हणून ती वाईट ठरत नाहीत. लिनोलेइक आम्लही आवश्यकच आहे, आणि संपृक्त मेदाच्या जागी ते घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते. फक्त दुसरे भावंड दुसरीकडून आणावे लागते. ते जवसात आहे. जवसाच्या तेलात निम्मे किंवा त्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल असते. 10 ग्रॅम जवसातून ते सुमारे 2 ग्रॅम मिळते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज एक ते दीड ग्रॅमच्या आसपास असते. मोहरीचे आणि सोयाबीनचे तेल, अक्रोड हेही चांगले स्रोत. बांगडा आणि तारली यांच्यात तर तयार डीएचए असते. माशांकडे ते येते समुद्रातील सूक्ष्म शैवालांकडून. शाकाहारी लोकांसाठीच्या गोळ्यांतील डीएचए शैवालांपासूनच काढलेले असते.

विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी खाल्ली जाते. ती गरिबाघरची म्हणून मागे पडू नये, एवढे आपण वर्गात नक्की सांगू शकतो. जवस भाजून कुटावा. अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो. चटणी थोडी थोडी करावी, कारण कुटलेला जवस लवकर खवट होतो.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हा खवटपणा का येतो, ते मुलांना दाखवता येते. तीन काचपट्ट्यांवर शेंगदाणा, करडई आणि जवस यांच्या तेलाचा एकेक थेंब बोटाने पातळ पसरा. पट्ट्या उन्हात, धूळ बसणार नाही अशा ठेवा आणि एक-दोन आठवडे रोज बोट लावून पाहा. जवसाचे तेल चिकट होत जाऊन त्याचा पापुद्रा बनेल. शेंगदाण्याचे तेलकटच राहील. करडईची गत काय होते, ते मुलांनाच नोंदवू द्या. दुहेरी बंध जितके जास्त, तितकी हवेतील ऑक्सिजनशी क्रिया जलद होते. चित्रकार रंगात जवसाचे तेल घालतात ते यासाठीच. एक दक्षता घ्या : पुसलेली फडकी चुरगळून ठेवू नका. या क्रियेत उष्णता निर्माण होऊन ती आपोआप पेटू शकतात.

पालकांना काय सांगावे?

कमतरता भरून काढणे वेगळे आणि जास्त घेऊन जास्त लाभ मिळवणे वेगळे. दिव्यात तेल नसेल तर तो विझतो. पण काठोकाठ तेल भरले म्हणून तो दुप्पट उजेड देत नाही. अल्झायमर झालेल्या 402 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. दीड वर्ष रोज 2 ग्रॅम डीएचए किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. डीएचएने स्मृतिऱ्हास मंदावला नाही. शाकाहारी लोकांच्या रक्तात डीएचए कमी आढळते, पण म्हणून त्यांची बुद्धी कमी असते असे दिसलेले नाही.

तेव्हा निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाला महागडी भुकटी दिल्याने त्याचे गुण वाढतील, असे मानण्यास आधार नाही. गरोदर आणि स्तनदा मातांच्या आहाराकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे. तेथे शंका असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पालकांनी विचारले तर आपण सांगावे : डब्यावरचे चित्र पाहू नका, मुलाच्या डब्यात काय आहे ते पाहा. त्यात भाकरीबरोबर चमचाभर जवसाची चटणी असली, तर भुकटीचे पैसे वह्या-पुस्तकांना वापरता येतील.