फोर बाय फोर गाडी घ्यायचीय? मग आधी तामलवाडीच्या काळ्या रानातला चिखल समजून घ्या

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की मध्ये तामलवाडीचा टोलनाका लागतो. नवरात्रात किंवा एखाद्या पौर्णिमेला इथं दहा मिनिटं थांबलात तर देशात विकली जाणारी जवळपास प्रत्येक एसयूव्ही दिसेल. थार आहे, स्कॉर्पिओ आहे, फॉर्च्युनर आहे. मागच्या काचेवर देवीचं नाव आणि खाली ‘४×४’चं स्टिकर.

आता हायवे सोडा आणि काटी किंवा सावरगावच्या शिवारातल्या एखाद्या पाणंद रस्त्याला लागा. महिना सप्टेंबरचा, आदल्या रात्री पाऊस झालेला. शंभर मीटरच्या आत कळतं की स्टिकर आणि गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी गाडी बाहेर काढायला शेवटी येतो तो ट्रॅक्टरच.

सध्या रील बघून फोर बाय फोर घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. साध्या मॉडेलपेक्षा दीड-दोन लाख, कधी त्याहून जास्त पैसे या एका सोयीसाठी मोजावे लागतात. कुणी ते शेतावर जायला मोजतं, कुणी लडाख-स्पितीच्या स्वप्नासाठी, तर कुणी ‘असू द्यावी’ म्हणून. पैसे देण्याआधी नेमकं काय विकत घेतोय ते समजून घेऊ.

आपल्या जीपा फोर बाय फोर होत्या का?

महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेली ही गाडी खरोखरची फोर बाय फोर. पुढं जीप खेड्यापाड्यांत पोचली. आपल्याकडं वडाप म्हणा किंवा काळी-पिवळी, त्या कमांडर जीपनं गावंच्या गावं बाजाराला आणि लग्नाला नेली.

पण गंमत अशी, की त्यातल्या बहुतेक जीपा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. आजची नेहमीची प्रवासी बोलेरोसुद्धा मागच्याच चाकांवर चालते. म्हणजे खराब रस्त्यावर टिकणारी गाडी आणि फोर बाय फोर गाडी यात फरक आहे. खड्डे, मुरूम, दगड यांना उंच आणि मजबूत गाडी पुरते. चार चाकांना ताकद लागते ती जमीन पायाखालून सरकते तेव्हा. चिखल, वाळू, बर्फ आणि निसरडा चढ, एवढीच तिची खरी कामं.

काळी माती गाडीला का धरून ठेवते?

आपल्याकडच्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ती टायरच्या नक्षीत जाऊन बसते. दोन-चार फेऱ्यांत नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. मग चाक फिरतं, पण गाडी जागची हलत नाही. ॲक्सिलरेटर दाबाल तितकं चाक स्वतःसाठी खड्डा खणतं.

चार गुळगुळीत टायर हे दोन गुळगुळीत टायरपेक्षा थोडेच बरे असतात, म्हणून काळ्या रानात फोर बाय फोरही अडकते. मुरमाड माळावर हीच गाडी आरामात चढते. त्यामुळं शोरूममध्ये जाण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझी वाट कोणत्या मातीतून जाते?

फोर बाय फोर, ऑल व्हील आणि ‘लो’

शोरूममध्ये हे सगळे शब्द एकाच दमात कानावर येतात. पण त्यांची कामं वेगळी आहेत.

*ऑल व्हील ड्राइव्ह:* ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या काही मॉडेलमध्ये ही मिळते. गाडी गरजेप्रमाणं आपोआप चारही चाकांना ताकद देते. ओल्या घाटात आणि हलक्या बर्फात चांगली. पण यांत ‘लो’ गिअर नसतो.

*पार्ट टाइम फोर बाय फोर:* थार, जिम्नी आणि गुरखा या प्रकारातल्या. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते, गरज पडली की चालक पुढची चाकं जोडतो. जोडल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही आणि सगळा ताण गिअरवर येतो. म्हणून हायवेवर ‘जास्त सुरक्षित’ म्हणून फोर-एच लावून जाऊ नका. ब्रेक तर त्यानं अजिबात सुधारत नाहीत. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात.

*लो रेंज म्हणजे फोर-एल:* खरे पैसे याचे आहेत. यात गाडीचा वेग दोन-अडीच पटीनं कमी होतो आणि चाकावरची ताकद तितकीच वाढते. भरलेली गाडी उभ्या चढावर हळूहळू चढवणं, दगडांवरून एकेक चाक उतरवणं, ब्रेक न तापवता उतार उतरणं ही कामं फोर-एलची. दुर्गम भागात नेहमी जायचं असेल तर ‘लो’ नसलेली गाडी फोर बाय फोर म्हणून घेऊ नका.

चार चाकं असूनही दोनच का फिरतात?

बैलगाडीचं जू आठवा. एका बैलानं अंग चोरलं की जू तिरकं होतं आणि दुसऱ्या बैलाचा जोरही वाया जातो. गाडीच्या साध्या डिफरन्शियलचं असंच आहे. एक चाक हवेत गेलं किंवा चिखलात घसरलं, की जमिनीवर पक्क्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही ताकद मिळत नाही. पुढं एक आणि मागं एक चाक घसरलं की फोर बाय फोर गाडी तिथंच उभी.

यावर दोन उपाय आहेत. एक, घसरणाऱ्या चाकाला गाडीनं स्वतःच ब्रेक लावायचा. जिम्नी हे करते. दुसरा, डिफरन्शियल लॉक. त्यानं दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. गुरखात पुढं आणि मागं दोन्हीकडं लॉक मिळतात, ही तिची मोठी बाजू. बाकी गाड्यांत मॉडेलनुसार फरक असतो, म्हणून बुकिंगआधी ‘या मॉडेलमध्ये लॉक आहे का’ असं स्पष्ट विचारा.

मग कोणती घ्यायची?

*जिम्नी:* वजन साधारण १,२०० किलो, जमिनीपासून उंची २१० मिमी. फोर बाय फोर आणि लो रेंज सगळ्या मॉडेलमध्ये. हलकी असल्यानं चिखलात कमी रुतते, आणि रुतली तरी चार माणसं ढकलू शकतात. मारुतीची सर्व्हिस बहुतेक तालुक्यांत मिळते. उणी बाजू म्हणजे मागची जागा आणि भरलेल्या गाडीला हायवेवर कमी पडणारा जोर.

*थार:* उंची २२६ मिमी, डिझेलचा जोर चांगला आणि महिंद्राचं जाळं मोठं. पण २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. जुनी घेताना गिअरजवळचा दुसरा दांडा आहे का ते आधी बघा. पाच दारांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली, तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळते.

*गुरखा:* दोन्ही लॉक, वर हवा घेणारा स्नॉर्केल, उंची २३३ मिमी. दुर्गम भागासाठी सर्वांत तयार गाडी. पण जड आहे, आणि सर्व्हिस सेंटर महिंद्रा-मारुतीइतकी जागोजागी नाहीत. आपल्याला जवळचं केंद्र कुठं आहे ते आधी शोधा.

*स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर आणि फॉर्च्युनर:* मोठं कुटुंब आणि लांबचा प्रवास असेल तर या दोन. दोन्हींत लो रेंज मिळते. फॉर्च्युनर टिकाऊ म्हणून ओळखली जाते, पण किंमत बरीच जास्त.

विश्वासार्ह गाडीची सोपी व्याख्या अशी: जिचा बिघाड जवळच्या तालुक्याच्या गावातला मेकॅनिक दुरुस्त करू शकतो आणि जिचा पार्ट दोन दिवसांत मिळतो ती.

अजून एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. आजच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज गाव ते शेत अशी दोन-तीन किलोमीटरचीच फेरी असेल तर फिल्टर तुंबतो आणि खर्च वाढतो. अशांनी पेट्रोलचा विचार करावा, किंवा आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर न्यावी.

पाण्यात किती खोल जाता येतं?

कंपनी थारसाठी ६५० मिमी आणि गुरखासाठी ७०० मिमी खोलीचा आकडा देते. पण तो थांबलेल्या पाण्याचा आणि मुंगीच्या चालीचा आहे. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. एक फूट वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलू शकतं, दोन फूट बहुतेक गाड्यांना वाहून नेतं. एसयूव्हीसुद्धा त्यातून सुटत नाही. गाडी जितकी बुडते तितकी ती तरंगू लागते, आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाला ताकद देऊन काही उपयोग नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यानं हे जवळून पाहिलं. भूम-परंडा भागात लोकांना बोटी आणि हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. एरवी टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात ओढे एका रात्रीत नदीसारखे वाहिले. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर कोणतीच गाडी घालू नका. पाण्याखाली पूल शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

पैशाचाही मुद्दा आहे. इंजिनात पाणी जाऊन ते आवळलं तर साधा विमा सहसा तो खर्च देत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, मोठं नुकसान तिथंच होतं.

गाडीपेक्षा आधी टायर

बजेट कमी असेल तर पहिले पैसे टायरवर घाला. मुरूम, दगड आणि डांबर अशा मिश्र वापराला ऑल टेरेन टायर ठीक. मड टेरेन टायरची नक्षी खोल असल्यानं चिखल लवकर झटकला जातो, पण हायवेवर आवाज होतो आणि ओल्या डांबरावर पकड कमी. आकार मात्र कंपनीनं दिलेलाच ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि विमा नाकारायला तेच कारण पुरतं.

रुतलात तर टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर यायच्या आधी परत हवा भरा, म्हणून गाडीत छोटा कंप्रेसर हवाच. सोबत फावडं, दोन-तीन रिकामी पोती, पूर्ण आकाराची स्टेपनी आणि ओढायचा चांगला पट्टा ठेवा. पट्टा कंपनीच्या हुकालाच लावा, बंपरला किंवा टो-बॉलला नाही. ताणाखाली निसटलेला लोखंडी तुकडा जीव घेऊ शकतो. ट्रॅक्टर ओढत असताना बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं करा.

शेवटचा हिशेब

वर्षातले किती दिवस तुमची वाट खरोखर घसरणारी असते ते मोजा. पाच-सहाच दिवस असेल तर उंच, मजबूत, मागच्या चाकांवरची गाडी आणि चांगले टायर पुरतात. त्या दिवसांपुरता शेजारचा ट्रॅक्टर आहेच. स्पिती-लडाखला तर उन्हाळ्यात साध्या हॅचबॅकही दरवर्षी जाऊन येतात. पण शेती, बांधकाम, वैद्यकीय सेवा किंवा नोकरीसाठी पावसाळाभर कच्च्या वाटेनं जावंच लागत असेल, भामरागड-मेळघाटसारख्या भागात राहणं असेल, तर लो रेंज असलेली फोर बाय फोर चैन नाही, ते अवजार आहे.

घेतलीत तर महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटर फोर-एच लावून चालवा. वर्षानुवर्षं न वापरलेला दांडा नेमका गरजेच्या दिवशी अडकतो. फोर-एल कसं लावायचं हे घरातल्या प्रत्येक चालकाला कोरड्या दिवशी शिकवा, कारण अंधारात, पावसात आणि गाडीत पेशंट असताना मॅन्युअल वाचायला वेळ मिळत नाही.