रशियन विभक्ती आणि बिनसाखरेचा चहा



"स, ला, ते, ने, ए, शी, स, ला, ते, ऊन, हून, चा, ची, चे, त, ई, आ, नो" ही माळ ज्यांनी लहानपणी शाळेत एका सुरात म्हटली असेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्या वेळी ती कशासाठी पाठ करायची हे कोणी सांगितले नाही. आम्हा उभयतांना ते कळले पंचाहत्तरी जवळ आल्यावर, आणि तेही न्यूयॉर्कमध्ये, एका रशियन बोलणाऱ्या शेजारणीमुळे.

आम्ही मुलाजवळ राहावे म्हणून ब्रुकलीनच्या ब्रायटन बीच भागात बिऱ्हाड केले. १९७० नंतर सोव्हिएत देशातून निघालेले हजारो यहुदी इथे येऊन वसले. त्यात ओडेसा शहरातले पुष्कळ, म्हणून या भागाला 'लिटल ओडेसा' असेच नाव पडले. हमरस्त्यावर डोक्यावरून आगगाडी धडधडत जाते आणि तिच्या खाली दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत. औषधाच्या दुकानावर 'अप्त्येका', पाववाल्याकडे 'ख्लेब'. भाजी घेताना इंग्रजीत विचारले तर उत्तर रशियनमध्ये येते. तुम्हां अश्दोद किंवा बेर-शेवाच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही, तुमच्याही जिन्यात गेली तीस-पस्तीस वर्षे हीच भाषा ऐकू येत असेल.

आमच्या समोरच्या दारात ओडेसाच्या एक बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे. इंग्रजी जेमतेम, आम्हाला रशियन शून्य. दोन्हीकडे शब्बाथच्या मेणबत्त्या लागत, जाता-येता मान हलवून 'शब्बाथ शालोम' होई, आणि संभाषण तिथेच संपे. एके दिवशी त्यांना आम्ही चहाला बोलावले. 'चाय' हा शब्द दोन्ही भाषांत एकच, तेव्हा बोलावणे सोपे गेले. त्या बसल्या आणि काहीतरी म्हणाल्या, त्यात आम्हाला स्पष्ट ऐकू आले 'साखर'. साखरेलाही रशियनमध्ये साखरच म्हणतात! आम्हाला कोण आनंद झाला. आपल्या रिवाजाप्रमाणे दोन चमचे भरून घातली. बाईंनी पेल्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि पाहुणीच्या भिडेने तो सगळा चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी जिन्यात भेटली. आईला मधुमेह आहे, तिने साखर नको म्हणून सांगितले होते, असे ती अगदी नरमाईने म्हणाली. आम्हाला शरमेने वर बघवेना.

बाई म्हणाल्या होत्या, "बिस साखरा." म्हणजे साखरेविना. साखरेचा चहा हवा असता तर त्या म्हणाल्या असत्या, "स साखरम." शब्दाच्या पुढे 'बिस' की 'स', आणि शेवटी 'आ' की 'अम', एवढाच फरक. नवख्या कानाला दोन्ही सारखेच लागते. मुलीने तो फरक कागदावर लिहून दाखवला तेव्हा आमच्या तोंडून निघाले, "अहो, ही तर विभक्ती!"

मराठीत आपण काय करतो ते आधी पाहू, कारण आपण ते न कळत करतो. 'घर' या शब्दाला 'त' लावायचा तर 'घरत' म्हणत नाही, 'घरात' म्हणतो. 'पुणे' याचे 'पुण्याला', 'पुण्याहून'. आधी शब्द थोडा वाकतो, त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि मग त्याला प्रत्यय चिकटतो. हिब्रूत उलटे. तिथे चिकटवायचे ते शब्दाच्या पुढे चिकटते: 'बाइत' म्हणजे घर, 'बा-बाइत' घरात, 'ला-बाइत' घराला. शब्द सहसा वाकत नाही. रशियनमध्ये दोन्ही आहे. शब्दाचे शेपूट बदलते, आणि पुष्कळदा त्याच्या पुढे एक छोटा शब्दही येतो. 'बिस' हा पुढचा शब्द आणि 'साखरा' मधला 'आ' हे शेपूट, दोघे मिळून 'विना'चा अर्थ सांगतात. नुसते शेपूट ऐकून भागत नाही, नुसता पुढचा शब्द ऐकूनही नाही.

इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या नातवंडांना हे अवघड जाते. "शब्दाचे शेवट का बदलायचे?" असे ती विचारतात. आपल्याला तो प्रश्नच पडत नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, पण त्याआधी शेकडो वर्षे आपले पूर्वज कोकणात तेल गाळताना 'घाण्याला', 'घाण्यावरून' म्हणतच होते. आणि परकी भाषा मराठीच्या वाटेने शिकणे हेही आपल्या समाजाला नवे नाही. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून काढले होते. आम्ही रशियनसाठी तीच वाट धरली.

रशियनमध्ये विभक्ती सहा. आपल्या आठांपैकी पंचमी तिथे वेगळी नाही, तिचे काम षष्ठी करते. संबोधनही लोप पावले आहे, पण एक आठवण उरली: दुखले-खुपले की बाई 'बोझे मोय' म्हणतात, म्हणजे 'देवा माझ्या'. त्यातला 'बोझे' हे 'बोग' शब्दाचे जुने संबोधन.

आता चहाचेच घ्या. चहा आहे म्हणायचे तर 'चाय', ही प्रथमा. चहा नाही म्हणायचे तर 'न्येत चाया', म्हणजे षष्ठी. जे नाही ते रशियनमध्ये षष्ठीत जाते, हे लक्षात ठेवा, फार उपयोगी पडते. पेलाभर चहा हाही 'चहाचा पेला' म्हणून 'स्ताकान चाया'. चहाला 'चायू' ही चतुर्थी. चहा पिणे यातला चहा पुन्हा 'चाय', ही द्वितीया, कारण चहा निर्जीव. चहाने किंवा चहाबरोबर 'चायेम' ही तृतीया. आणि चहाविषयी 'अ चाये'. या सहाव्या विभक्तीच्या पुढे कुठला तरी छोटा शब्द असावाच लागतो, ती एकटी कधी येत नाही.

स्त्रीलिंगी शब्दाची शेपटे निराळी. आपली आद्यमाता सारा हिचे नाव घ्या. साराने पाहिले तर 'सारा'. साराचे म्हणजे 'सारी', साराला द्यायचे तर 'सार्ये', साराला पाहिले तर 'सारू', साराबरोबर 'सारोय'. आपण नावाला हात न लावता 'साराला', 'साराचे' म्हणतो, तिथे नावच बदलते. 'सारू' ऐकून आम्हाला पहिल्यांदा वाटले की हे लाडाचे नाव आहे.

आडनावांची तर गंमतच. पेणकर, रोहेकर अशी व्यंजनाने संपणारी आडनावे पुरुषाची असली तर विभक्ती घेतात, बाईची असली तर मुळीच बदलत नाहीत. पेणकरबुवांना पत्र लिहिले तर 'पेणकरू', त्यांच्या पत्नीला लिहिले तर नुसते 'पेणकर'. घरातल्या कोणाला पत्र आले ते शेपटावरून ओळखावे.

निर्जीव म्हणून चहा द्वितीयेतही 'चाय' राहतो असे वर म्हटले. सजीवाचे तसे नाही. 'मी घर पाहतो' यात घराला काही लागत नाही, पण डॉक्टर दिसला तर 'मी डॉक्टरला पाहतो'. रशियनमध्ये हेच: घर असेल तर 'या वीझू दोम', डॉक्टर असेल तर 'या वीझू दोक्तरा'. जिवंत पुरुष असला की शेपूट लागते, वस्तू असली की नाही. हिब्रूतही 'एत' आहे, पण तो सजीव-निर्जीव पाहत नाही, वस्तू ठरावीक आहे की नाही एवढेच पाहतो. या बाबतीत कोकणातला मराठी माणूस ओडेसाला अधिक जवळ आहे.

चतुर्थीचा तर आपल्याला मोठाच आधार. इंग्रजीत 'मी थंड आहे' अशा धर्तीवर बोलतात. आपण म्हणतो 'मला थंडी वाजते'. हिब्रूत 'कर ली'. रशियनमध्ये 'म्न्ये खोलद्ना'. 'म्न्ये' म्हणजे मला. आवडते तेही 'मला', आणि वयसुद्धा 'मला'च. आमच्या वयाच्या माणसांना लोक पहिला प्रश्न वयाचाच विचारतात, म्हणून ते नीट शिकून घेतले. शेवटी एक असेल तर 'गोद', म्हणजे वर्ष: एकाहत्तर गोद. दोन, तीन, चार असेल तर षष्ठीचे एकवचन 'गोदा'. पाचपासून पुढे आणि शून्यावर 'ल्येत'. अकरा ते चौदा मात्र हट्टी, त्यांनाही 'ल्येत'च. म्हणजे चौऱ्याहत्तर 'गोदा' आणि पंचाहत्तर 'ल्येत'. असे का, हे बाईंच्या मुलीलाही सांगता आले नाही. "असेच म्हणतात," म्हणाली. आपल्याला कोणी 'पुणे'चे 'पुण्या' का होते म्हणून विचारले तर आपण तरी काय सांगणार?

विभक्तींची रशियन नावेही पाहण्यासारखी आहेत. चतुर्थी म्हणजे 'दातेल्नी', देणारी. आपल्या व्याकरणात चतुर्थीचा कारकार्थ 'संप्रदान', त्यातही दानच. दोन्हीकडे धातू मुळात एकच, आणि रशियन माणूस 'दे' म्हणायला 'दाय' म्हणतो. षष्ठी 'रदीतेल्नी', जन्म देणारी. द्वितीया मात्र 'विनीतेल्नी', आणि 'विना' म्हणजे अपराध. बिचाऱ्या द्वितीयेने काय गुन्हा केला? ग्रीक नावाचा अर्थ लॅटिनमध्ये नेताना कुणाची तरी चूक झाली आणि ती पुढे रशियनपर्यंत चालत आली. अमेरिकेत या विषयाचा एक थोर जाणकार होऊन गेला, रोमन याकबसन. १८९६ साली मॉस्कोच्या यहुदी कुटुंबात जन्मलेला. त्याने १९३६ साली विभक्तींच्या अर्थावर गाजलेला निबंध लिहिला, नाझींपासून जीव वाचवत देशामागून देश ओलांडले आणि १९४१ साली न्यूयॉर्कला पोचला. पुढे तो हार्वर्डला प्राध्यापक झाला. त्याच्या थडग्यावर नावाखाली रशियन भाषेत 'रशियन भाषापंडित' एवढेच कोरले आहे.

विशेषणेही नामाबरोबर शेपूट बदलतात, त्यात आम्ही अजून चाचपडतो आहोत. 'गरम चहा' मधला 'गरम' आपल्याकडे निवांत बसून राहतो, तिथे त्यालाही उठावे लागते. नवख्याने आधी त्यात पडू नये असे आमचे मत. तक्ता वरून खाली पाठ करण्यापेक्षा षष्ठी आधी धरावी, कारण आपल्या वयात तीच जास्त लागते. औषधाच्या बाटलीवर 'दा येदी' असेल तर जेवणाआधी, 'पोस्ले येदी' असेल तर जेवणानंतर, दोन्ही षष्ठी. 'येदा' म्हणजे जेवण. त्याचा 'येडा' या शब्दाशी संबंध नाही, तरी आम्ही दोघे गोळी घेताना अजून हसतो.

एक फरक आम्हाला उशिरा कळला, आणि तो मराठीत नाही. आपण 'दवाखान्यात नेले' आणि 'दवाखान्यात आहे' या दोन्ही ठिकाणी तोच 'त' लावतो. रशियन माणूस जाणे वेगळे आणि असणे वेगळे धरतो. नेले तर द्वितीया, 'व बल्नीत्सू'. तिथे आहे तर सहावी, 'व बल्नीत्से'. हिब्रूत 'बाबाइत' आणि 'हाबाइता' असे आपण म्हणतो, त्यातला दुसरा घराच्या दिशेने. शेमोथच्या अगदी पहिल्या वचनात 'मित्स्रायमा' आहे, मिसर देशाकडे. तीच ही गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लिफ्टपाशी बाईंची मुलगी फोनवर घाईघाईने बोलत होती. बाकी काही कळले नाही, 'मामा' कळले आणि शेवटचे शेपूट ऐकू आले: 'बल्नीत्से'. म्हणजे नेताहेत असे नव्हे, आई तिथे पोचलेली आहे. आम्ही तिला थांबवून इंग्रजीत विचारले. रात्रीच दाखल केले होते, साखर एकाएकी उतरली होती. मुलीला कामावर जाणे भाग होते आणि दुपारी आईजवळ बसायला कोणी नव्हते. आम्ही जाऊन बसलो, पुढचे चार दिवसही दुपारी तिथेच होतो. नर्सने विचारलेले आणि बाईंनी उत्तरलेले सगळे कळत नव्हते. पण 'आधी' की 'नंतर', 'सह' की 'विना', 'मला' की 'माझे', एवढे कळत होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चहा द्यायला हरकत नाही म्हटले. आम्ही घरून थर्मास भरून नेला आणि पेला पुढे करताना, आठवडाभर घोकलेले, शेपटासकट म्हटले, "चाय, बिस साखरा."

बाईंनी एक घोट घेतला. आपला चहा तो, दुधाचा, आले घातलेला. तोंड जरासे वाकडे झाले, आणि मग बोट वर करून त्यांनी आम्हाला नवी षष्ठी शिकवली, "बिस मलका." दुधाविना.