चमक मंदावली की स्फोटक सापडले

पुरलेल्या सुरुंगातून टीएनटीची वाफ जेमतेम बाहेर पडते. शिकवलेल्या कुत्र्याला तिचा माग लागतो, यंत्राला ते फार जड जाई. एमआयटीतील रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वेगर यांनी त्यासाठी चमकणारे पॉलिमर वापरले.

काचेवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर अतिनील प्रकाश टाकला की तो चमकतो. शोषलेली ऊर्जा पॉलिमरच्या लांबलचक साखळीवरून फिरत राहते. टीएनटीचा रेणू इलेक्ट्रॉनचा भुकेला. तो वाटेत कुठेही बसला, की फिरत आलेली ऊर्जा तिथेच संपते. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझे, तसेच हे. सुटे रेणू असते तर एका टीएनटीने एकच विझला असता. इथे साखळीचा मोठा भाग काळवंडतो. सारी संवेदनक्षमता यातच आहे.

साखळ्या एकमेकींना चिकटल्या तर मात्र चमक आपोआपच घटते. म्हणून स्वेगर यांच्या गटाने १९९८च्या सुमारास साखळीला अवजड, ताठर गट जोडले. त्याने साखळ्या दूर राहिल्या आणि मधल्या पोकळ्यांतून वाफेलाही वाट मिळाली. एका दगडात दोन पक्षी मारणारी ही रचना मला फार देखणी वाटते. पुढे ‘फिडो’ हे हातात धरायचे यंत्र यातूनच तयार झाले.

डीएनए ओळखण्यासाठीही असेच चमकणारे, मात्र धनभारित पॉलिमर वापरतात. ऋणभारित डीएनए त्याच्याकडे आपसूक ओढला जातो.