डॉक्टरांनी ‘डॉपलर’ सांगितली म्हणजे काय?

गरोदर लेकीसुनेच्या कागदावर डॉक्टर ‘डॉपलर सोनोग्राफी’ लिहितात आणि घरात काळजी सुरू होते. बाळाला काही झालंय का? किरणांचा त्रास होईल का? ही तपासणी नेमकी काय आहे, ते समजून घेऊ.

रुळालगत राहणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. हॉर्न वाजवत गाडी जवळ येते तेव्हा आवाज उंच लागतो. पुढे निघून गेली की तोच आवाज एकदम खाली उतरतो. हॉर्न बदललेला नसतो. गाडी येताना आवाजाच्या लाटा दाटीने कानावर येतात, जाताना विरळ होतात. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचा हॉर्न सेकंदाला ४०० लाटा सोडत असेल, तर येताना सुमारे ४२० आणि जाताना सुमारे ३८० ऐकू येतात. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये हा नियम मांडला. १८४५ मध्ये हॉलंडात धावत्या आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून तो पडताळला गेला.

सोनोग्राफीचं यंत्र आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडतं. वाहत्या रक्तातल्या पेशींवर आपटून तो परत येतो. लाटा किती दाट किंवा विरळ झाल्या, यावरून रक्ताची दिशा आणि वेग कळतो. पडद्यावरचा लाल-निळा रंग फक्त दिशा दाखवतो. निळं म्हणजे खराब रक्त नव्हे.

नाळेतून रक्त नीट वाहतं का, हे डॉक्टर यातून पाहतात. प्रवाह कमी पडला, दोन ठोक्यांच्या मध्ये थांबला किंवा उलटा फिरला, तर बाळाला धोका असतो. वेळीच कळलं तर बाळ वाचवता येतं.

लक्षात ठेवा :

• यात एक्स-रेचे किरण नसतात. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नका.

• बाळाची हालचाल कमी वाटली, तर आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• मुलगा की मुलगी, हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

• दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. डॉपलरची सोय कुठे आहे, ते तिथे किंवा आशाताईंना विचारा.