फोर्कचा कोन दिसतो, ट्रेल दिसत नाही

पुढचा फोर्क जितका तिरपा, तितकी मोटारसायकल स्थिर, असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. फोर्क पुढे झुकलेली क्रूझर हायवेवर सरळ धावते, त्यावरून हा समज झाला आहे. पण हँडल सरळ ठेवणाऱ्या जोराचा थेट संबंध ट्रेलशी असतो. स्टीअरिंगचा अक्ष जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे पोहोचतो. मधले अंतर म्हणजे ट्रेल. टायर अक्षाच्या मागे टेकत असल्यामुळे चाक खड्ड्याने वळले, की रस्त्याचा आडवा जोर त्याला पुन्हा सरळ करतो.

ट्रेल ठरतो तो चाकाची त्रिज्या, अक्षाचा तिरपेपणा आणि ऑफसेट, म्हणजे चाकाचा एक्सल अक्षाच्या किती पुढे आहे, यांवरून. त्रिज्या 300 मिमी, कोन 25 अंश आणि ऑफसेट 30 मिमी धरला, तर ट्रेल सुमारे 107 मिमी येतो. फक्त कोन 30 अंश केला, तर तो 139 होतो, म्हणजे गॅरेजमधला समज इथवर खरा. पण त्याच 30 अंशांत ऑफसेट 58 मिमी केला, की ट्रेल पुन्हा 106 मिमीवर येतो. चॉपरसाठी टीमध्येच, म्हणजे फोर्कचे पाय धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्येच, जादा कोन देतात तेव्हा याहून विपरीत घडते. फोर्क जास्त तिरपा दिसतो, पण अक्ष जागचा हलत नाही आणि एक्सल पुढे सरकतो, म्हणून ट्रेल घटतो. दिसायला दणकट क्रूझर, आणि हँडलला सरळ ठेवणारा जोर मात्र नाहीसा होत चाललेला. मला हा बदल सर्वांत धोकादायक वाटतो. उलट बाजूचा पुरावाही आहे. चॅसिस-तज्ज्ञ टोनी फोल यांनी बीएमडब्ल्यूच्या फोर्कचा तिरपेपणा थेट 0 अंशांपर्यंत आणून चाचण्या घेतल्या, आणि स्थिरता ढासळली नाही.

मग क्रूझर स्थिर का? तिचा ट्रेल मोठा आणि व्हीलबेस लांब असतो म्हणून. ट्रेल वाढवत नेला की काम झाले, असेही नाही. कोन आणि ट्रेल दोन्ही वाढले, की हळू वेगात हँडल एका बाजूला पडू लागते. ट्रॅफिकमध्ये यू-टर्न घेताना ते हातांना जाणवते. शिवाय ट्रेल हा एकमेव घटक नव्हे. 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चाकांचा जायरोस्कोपिक परिणाम रद्द केलेली आणि ट्रेल किंचित उणे असलेली सायकलही वजनाच्या मांडणीमुळे स्वतःहून तोल सावरत होती. त्यातून वजनाची मांडणी किती महत्त्वाची हे कळते, पण आपल्या मोटारसायकलचा ट्रेल मनाला येईल तसा बदलायला ती सबब होत नाही.

फोर्क टीमध्ये 10 मिमी वर सरकवला तरी कोन साधारण एक तृतीयांश अंशाने आणि ट्रेल सुमारे 2 मिमीने कमी होतो. म्हणून टी, फोर्क किंवा चाकाचा आकार बदलण्याआधी आणि नंतर ट्रेल मोजून घ्या: मोटारसायकल सरळ उभी करून एक्सलमधून ओळंबा सोडा, स्टीअरिंगच्या अक्षाची रेषा जमिनीवर आणा आणि मधले अंतर कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.