पाऊस चांगला झाला तरी बिऱ्हाड हलतं

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली आणि मराठवाड्यातल्या स्थलांतराचं एकच कारण महाराष्ट्राच्या मनात पक्कं बसलं: पाणी नाही, म्हणून माणसं गाव सोडतात. दुष्काळ खरा आहे. १९७२ चा खरा होता, २०१६ चाही. पण नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गोदावरी जिल्ह्यातून वाहते, विष्णुपुरी प्रकल्प शहराला लागून आहे. तरीही मुखेड, कंधार, लोहा या भागांतून दरवर्षी ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. पावसाचं वर्ष असो की कोरडं, बिऱ्हाड हलतंच.

कारण शोधायचं तर सातबारा उघडावा. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत होत उरलेल्या या कोरडवाहू तुकड्यात जूनमध्ये सोयाबीन पेरायचं, ऑक्टोबरात काढायचं, मळणी यंत्राने एका दिवसात उरकायची. त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत शेताला माणसाची गरज नाही. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. पण २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असूनही अनेकांनी त्याहून कमी दराने माल घातला. बियाण्याची उधारी, दवाखाना, लेकीचं लग्न यांना लागणारी रोख रक्कम गावात एकच माणूस देतो: ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम.

त्याच्याकडून घेतलेली उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाची आगाऊ विकलेली मेहनत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. आजारपणात घरी बसलं तर खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. तोडणीच्या दरात २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली, ती मोठ्या झगड्यानंतर. तरी मजुरी जोडीच्या नावाने मोजली जाते आणि नवऱ्याच्या हाती पडते. अर्धं काम करणाऱ्या बाईच्या नावावर काहीच लागत नाही. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षीचा कोयता आधीच बांधलेला असतो.

‘सगळे पुण्या-मुंबईलाच जातात’ हाही असाच पसरलेला समज. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त आपल्याच जिल्ह्यात हललेले होते आणि बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न होतं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या माणसाला निजामाबाद आणि हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या एकाच राज्यात होता, त्यामुळे सोयरीकही तिकडची आणि कामाची ओळखही. आणि लातूर शहरात तर लोक शिक्षणासाठी येतात. शाहू, दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेल्या ‘लातूर पॅटर्न’ या शिकवण्याच्या पद्धतीमुळे आई मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहते आणि वडील गावी शेती पाहतात. घर मोडलेलं नसतं, पण चुली दोन झालेल्या असतात.

आता सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज: ‘गाव सोडलं की रेशन बंद, मुलांची शाळा बंद.’ हा समज मजुरांचा आहे आणि दुर्दैवाने काही दुकानदारांचा, काही मुख्याध्यापकांचाही आहे. वस्तुस्थिती अशी, की ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र २०१९ पासून आहे. अहमदपूरचं कार्ड भोसरीतल्या रास्त भाव दुकानात चालतं, आणि काही धान्य गावी म्हाताऱ्या आईने, काही शहरात मुलाने, असंही उचलता येतं. त्यासाठी कार्डावरच्या माणसांचे आधार जोडलेले हवेत. अडतं ते अंगठ्यापाशी: पाचटाने आणि सिमेंटने घासलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. शाळेचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणत्याही सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गावातच राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत.

मात्र कायद्यातच राहिलेली भोकंही मान्य करायला हवीत. स्थलांतरितांसाठीचा १९७९ चा कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता. लातूरहून पुण्याला गेलेला बिगारी त्यात बसतच नव्हता. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मजूर अड्ड्यावर रोज वेगळा मालक मिळणाऱ्याने तो कुणाकडून आणायचा? मंडळासाठी बांधकामांवर घेतल्या जाणाऱ्या उपकराचा पैसा त्याच्याच कामातून जमतो आणि नोंदणीविना तोच बाहेर राहतो.

शहरात गेलेलं कुटुंब सुधारतं की खचतं, याचं एका शब्दात उत्तर देणारे दोन्हीकडे आहेत. माझ्या मते दोघेही घाई करतात. पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, सावकाराचं देणं फिटतं, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचा पगार येतो. हे लहान नाही. पण त्याच पगारातलं बरंचसं खोलीच्या भाड्यात जातं, लहान भाऊ सांभाळायला थोरली मुलगी शाळेतून घरी बसते, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला माणूस उरत नाही. स्वतः ठरवून, ओळखीच्या ठिकाणी गेलेलं कुटुंब सावरतं. उचलीपायी गेलेलं तिथेच फिरत राहतं.

म्हणून विनंती सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि गुरुजींना आहे. दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, गावात एक दिवस बसा. कोण जाणार त्याची यादी करा, प्रत्येक कार्डाचा आधार तपासा, प्रत्येक मुलाच्या हातात हमी कार्ड द्या. आणि तुम्ही शहरात राहत असाल, तर तुमच्या इमारतीच्या वॉचमनला एवढंच सांगा: गावचं रेशनकार्ड इथेही चालतं.