नवा स्पीकर रुळतो म्हणजे नेमकं काय होतं?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात लग्नसराई भरात असते. वरातीपुढे बँडची गाडी, तिच्यावर कीबोर्ड, माइक आणि दोन्ही अंगांना रचलेले स्पीकर. नव्या स्पीकरबद्दल एक सल्ला सर्रास ऐकू येतो: आधी थोडे दिवस बेताने वाजवा, रुळू द्या, मग आवाज खुलेल. नवी चप्पल रुळते, नव्या मोटरसायकलचं इंजिन रुळतं, तर स्पीकर का नाही?

रुळतो, पण त्याचा एकच भाग. स्पीकरच्या कागदी कोनाला दोन ठिकाणी आधार असतो. बाहेरच्या कडेला सराउंड, आणि आत कोनाला हलवणाऱ्या कॉइलभोवती राळेत बुडवून घडी घातलेल्या कापडाचा स्पायडर. नवेपणी हा स्पायडर ताठ असतो. कोन जोराने पुढेमागे हलू लागला की राळेतले सूक्ष्म बंध सुटतात, कापड सैलावतं आणि स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या थोडी उतरते. यातला बराचसा बदल पहिल्या काही मिनिटांत ते काही तासांत होऊन जातो. त्याला महिना लागत नाही.

हा बदल कानाला कितपत कळावा? समजा, सुटा स्पीकर ४० हर्ट्झवरून ३६ वर आला. तोच बंद पेटीत बसवला की आतली कोंडलेली हवाही स्प्रिंगचं काम करते. ती स्पायडरच्या तिप्पट ताठ असेल, तर पेटीतला स्पीकर ८० हर्ट्झवरून जेमतेम ७८ वर येतो. हवा काही रुळत नाही!

त्यात धुळे जिल्ह्याचं हवामान. हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडतो. थंडीत स्पायडर आणि सराउंड आखडतात, उन्हात सैल पडतात. वरात लांबली की कॉइलही तापते, कारण स्पीकरला दिलेल्या विजेचा फार थोडा भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. कॉइल २० अंशांवरून २०० अंशांवर गेली तर तांब्याचा विद्युतरोध दीडपटीहून जास्त वाढतो आणि आवाज दबतो. हे फरक रुळण्याइतकेच, कधी त्याहून मोठे असतात. फक्त कॉइल निवली की आवाज पूर्ववत होतो.

वायरचं मात्र काहीच रुळत नाही. तांब्यातून शंभर तास गाणी गेली तरी तांबं तेच राहतं. अँप्लिफायर वर्षानुवर्षं बंद पडून असेल तर त्यातल्या कपॅसिटरचा ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. जाणता कारागीर व्होल्टेज हळूहळू चढवून तो पुन्हा बसवतो. नव्या वस्तूला याची गरज नाही.

वाद्यांच्या बाबतीत तर मिरजेचे तंतुवाद्य कारागीर उलटीच गोष्ट दाखवतात. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी, म्हणजे तारांखालचा तिचा किंचित वक्र पृष्ठभाग, घासून जुळवलेली असते. वाजवून वाजवून तारा घोडीवर चरे पाडतात, आवाज बिघडतो, आणि जवारी नव्याने काढावी लागते. वापराने आवाज सुधारतोच असं नाही.

सगळ्यात जास्त रुळतो तो आपला कान. आवाजातले बारकावे स्मृतीत काही सेकंदच टिकतात, त्यामुळे गेल्या आठवड्यातला आवाज आणि आजचा यांची तुलना मनात होऊच शकत नाही. नव्या आवाजाची सवय होते आणि स्पीकर सुधारला असं वाटतं. म्हणूनच ‘रुळायला दोनशे तास थांबा’ असा सल्ला महागात पडतो. तोवर परतीची मुदत संपते आणि कष्टाचा पैसा अडकतो. आवाज फाटत असेल, घरघर येत असेल, तर तो दोष आहे. वस्तू त्याच आठवड्यात परत न्यावी.

खात्री करायचीच असेल तर एकसारख्या दोन स्पीकरांपैकी एक आठवडाभर वाजवावा, दुसरा खोक्यात ठेवावा. मग दोन्ही एकाच जागी, सारख्याच आवाजात, पडद्याआड, ठरावीक क्रम न ठेवता, आलटून पालटून लावावेत आणि ऐकणाऱ्याला ओळखायला सांगावं. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं, तर त्याला फरक खरंच ऐकू येतोय असं मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने इतकं जमण्याची शक्यता शंभरात चाराहून कमी आहे.